कोठीचा धर्म

ज्येष्ठ वद्यात मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून जालना, अंबड करत आमच्या शहागडला येते आणि गंगा ओलांडून गेवराईकडे, पुढे बीडची वाट धरते. गोदावरीला आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या काठची गावे म्हणजे गंगाथडी. पालखी पुलावर आली की आमची लहानशी दिंडी तिच्या मागे चालू लागते. सव्वाशेच्या आसपास माणसे, एक वीणा, दोन मृदंग, पाण्याचा टँकर आणि एक ट्रक. करोनानंतर २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हापासून त्या ट्रकातली कोठी माझ्याकडे आहे. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शाळेतही खिचडीचे तांदूळ माझ्याच ताब्यात असायचे.

कोठी म्हणजे चार पोती ज्वारी, तीन कट्टे तांदूळ, दोन कट्टे तूरडाळ, तेलाचे डबे, गूळ, शेंगदाणे, पोहे, साखर, चहा, तिखट-मीठ आणि एकादशीसाठी भगर. वाटेत गावोगावी अन्नदान होतेच, तरी आपली कोठी भरलेली लागते. पाऊस आला, मुक्काम बदलला, एखाद्या गावाचे जेवण हुकले तर तिच्यावरच सगळी भिस्त. वरून ताडपत्री ओढलेली असते आणि रात्री त्याच पोत्यांवर दोघे-तिघे अंग टाकतात. अठरा दिवस हा ट्रकच आमचे घर, आमचे स्वयंपाकघर आणि आमची बळद.

हे घर तापते फार. पहिल्या वर्षी मी ट्रकात एक साधा तापमापक टांगला होता. दुपारी बाहेर ३८ अंश होते, तेव्हा ताडपत्रीखाली ४६. पुढे पाऊस लागला की तीच ताडपत्री आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे छापलेले असते. आमच्या ट्रकात ज्येष्ठात थंड काही नसते आणि आषाढात कोरडे काही नसते.

हे सगळे सांगते आहे ते भगरीच्या एका कट्ट्यासाठी.

२०२४ च्या वारीत आमच्याच दिंडीतल्या एका मावशींनी तीस किलो भगर दिली होती. मावशी सत्तरीच्या. दिवाळीनंतर कापूस वेचायला जातात. त्या मजुरीतून त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. वाटेत योगिनी एकादशी येते आणि पंढरपुरात आषाढी. दोन्ही दिवशी सगळ्यांनी आपली भगर खावी, एवढीच त्यांची इच्छा. कट्टा स्वतः डोक्यावर घेऊन त्या ट्रकापाशी आल्या होत्या.

निघाल्यावर लगेचच एका रात्री मोठा पाऊस झाला. ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि पाणी नेमके त्या कट्ट्याच्या बुडाशी साचले. ते ध्यानात आले दुसऱ्या दिवशी दुपारी. कट्टा उघडला तेव्हा वरचे दाणे मोकळे होते, खालच्यांचे गोळे झाले होते. बायकांनी लुगडी अंथरून सगळी भगर उन्हात वाळवली. संध्याकाळी ती पुन्हा पांढरी, मोकळी, पहिल्यासारखी दिसू लागली. वास मात्र गेला नव्हता. ओंजळीत घेऊन नाकाशी धरली की बंद खोलीत राहिलेल्या ओल्या गोणपाटाचा कुबट वास यायचा. एकादशी तीन दिवसांवर होती.

मी म्हटले, ही शिजवायची नाही.

वीणेकरी बुवा समजुतीने म्हणाले, “बाई, वाळवलीय की चांगली. नाव घ्या अन् शिजवा. पांडुरंगाच्या वाटंला लागलेल्या माणसाला काय व्हतंय?” स्वयंपाकातल्या एकजण म्हणाल्या, “तीन पाण्यांनी धुऊ, ढणढणीत उकळू.” तिसऱ्याने सुचवले, माणसांना नको तर वाटेतल्या गाईगुरांना घालू. मावशी काहीच बोलल्या नाहीत.

शेवटी रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधालगत हातभर खोल खड्डा खणला आणि भगर त्यात पुरली. माती लोटताना मावशींनीही मूठभर माती टाकली. परत येताना त्यांनी मला हळूच विचारले, “बाई, माझं दान मातीत गेलं का?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढचे दोन मुक्काम मी त्याचाच विचार करत चालले. हा लेख म्हणजे ते चालणे आहे.

आधी भगरीविषयी जे माहीत आहे ते सांगते. आपल्या मराठवाड्यात महाशिवरात्र, नवरात्र आणि एकादशी आली की भगर खाऊन उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणे अशा तक्रारींनी माणसे दवाखान्यात येतात. भगर दमट जागी राहिली की तिला बुरशी धरते आणि ती बुरशी विष तयार करते. अन्न व औषध प्रशासन दर सणाला सांगते: सुटी भगर घेऊ नका, भगरीचे पीठ विकत आणू नका, फार दिवस साठवू नका, झाकणबंद आणि कोरडी ठेवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत, एकादशीच्याच दिवशी, नांदेडच्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातल्या फराळानंतर सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली होती. ती बातमी माझ्या डोळ्यांसमोर होती.

बुरशीचे विष धुतल्याने जात नाही. ऊन बुरशीला थोपवते, पण तिने आधी करून ठेवलेले विष दाण्यातच राहते. उकळीलाही ही विषे सहसा दाद देत नाहीत. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी पाड्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यांनीही तो शिजवूनच खाल्ला होता. जनावराला घालावे तर आधी त्याला त्रास, आणि काही बुरशींचे विष गाईच्या पोटातून दुधात उतरते. म्हणजे फिरून ते कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात.

माझ्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. त्या कट्ट्यात विष होतेच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. बुवांचे म्हणणे खरेही ठरले असते. सव्वाशे माणसे जेवली असती आणि कुणाला काही झाले नसते. म्हणूनच हा प्रश्न मला धर्माचा वाटतो. विष दिसत असते तर कुणीही टाकले असते. दिसत नाही, फक्त वास येतो, आणि देणारी बाई समोर उभी आहे, तेव्हा काय करायचे?

अन्न टाकायला हात धजत नाही, हे मला माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना फुटायची. आई परातीत पडलेला चिमूटभर पिठाचा कण बोटाने टिपून घ्यायची. आमच्या घरात अन्न खाली सांडले तर आधी नमस्कार, मग उचलणे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू वडिलांना विचारतो, ब्रह्म म्हणजे काय? तप करून त्याला पहिले उत्तर सापडते ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान, आनंद असा वर चढत जातो, पण उपनिषद अन्नाला मागे सोडत नाही. शेवटी व्रते सांगते तीही अन्नाचीच: अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे, दारी आलेल्याला परत पाठवू नये. ही व्रते मी शाळेत मुलांना सांगितली आहेत. मग तीस किलो भगर मातीत घालणारी मी कोण?

चालता चालता एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडच्या सगळ्या परंपरा अन्नाला मान देतात आणि त्याच परंपरा अन्नाला मुदतही घालतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराचे वर्णन आहे. त्यातला पहिलाच शब्द ‘यातयाम’. शिजवून एक याम, म्हणजे एक प्रहर, तीन तास, उलटून गेलेले अन्न. त्यानंतर रस गेलेले, दुर्गंधी सुटलेले, रात्र ओलांडलेले. आज डॉक्टर सांगतात, शिजलेला भात दोन तासांहून जास्त उघडा ठेवू नका. भातातल्या काही जंतूंचे बीज उकळीतही मरत नाही, भात कोमट झाला की ते वाढते, आणि त्याचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गीताकारांना जंतू माहीत नव्हते. दुपारचा भात संध्याकाळी काय करतो, हे मात्र नक्की माहीत होते.

शाळेतली माझी एक सहकारी दिगंबर जैन होती. तिच्या घरी पिठाला ऋतूप्रमाणे मर्यादा: थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. मर्यादा संपली की ते पीठ चालत नाही. ज्याची चव पालटली ते चलितरस, म्हणून वर्ज्य. कारण त्यांच्या दृष्टीने तिथे आता दुसऱ्या जिवांचे घर झाले आहे, आणि त्यांना मारण्याचा आपल्याला अधिकार नाही. बौद्ध विनयात भिक्खूने आज मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवायचे नसते. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच वस्तू तेवढ्या औषध म्हणून ठेवता येतात, त्याही सात दिवस. बायबलच्या निर्गम या पुस्तकात रानात भटकणाऱ्या लोकांना रोज पहाटे मान्ना मिळतो. काहींनी आज्ञा मोडून तो सकाळपर्यंत ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. यातले शेवटचे दोघे वाटेवरचे लोक होते. चालणारा भिक्खू, रानातून जाणारा कबिला. वाटेवरच्या माणसालाच अन्नाचे आयुष्य आधी कळते, कारण त्याच्यापाशी गार तळघर नसते.

माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोनात राहतो. तिकडे चाकांवरचे घर भाड्याने मिळते; आत शेगडी, पलंग, फडताळ सगळे. त्याला कॅम्पर म्हणतात. त्या गाडीतून तो मुलाबाळांसह महिनाभर फिरायला निघाला होता. फोनवर त्याने विचारले, “मावशी, तुमच्या ट्रकात डाळ-तांदूळ किती दिवस टिकतात गं?” मी म्हटले, “दिवस विचारू नकोस. ऊन किती, ओल किती आणि डब्याचं झाकण किती घट्ट, ते बघ.” दर दहा अंश उष्णतेला बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. घरातल्या फडताळात सहा महिने टिकणारी वस्तू तापलेल्या गाडीत तेवढी टिकेल, असे धरून चालता येत नाही. छापलेली तारीख ही त्या वस्तूची आणि थंड खोलीची सोयरीक असते. खोली बदलली की सोयरीक मोडली.

हे शिकवले मला आमच्या पुलावरून जाणाऱ्या ऊसतोड कामगारांनी. दिवाळीनंतर बीड, जालन्याकडची हजारो कुटुंबे ट्रॅक्टर-ट्रॉलीतून संसार घेऊन निघतात. पाच-सहा महिने फडातल्या कोपीत काढायचे असतात. ट्रॉलीत धान्याची पोती असतात, पण ती अख्ख्या बाजरीची, अख्ख्या ज्वारीची. एका बाईला मी विचारले होते, पीठच का नेत नाही? ती म्हणाली, “दाणा जित्ता असतोय बाई. दळला की मेला. बाजरीचं पीठ आठ दिसांत कडू व्हतंय.” तिचे शब्द अक्षरशः खरे आहेत. अख्खा दाणा श्वास घेतो, त्याच्या अंगावर कवच असते, पेरला तर उगवतो. जात्यात गेला की आतले तेल हवेला उघडे पडते आणि तिथून त्याचे दिवस मोजायचे. त्यानंतर आम्ही दिंडीतही अख्खी ज्वारीच नेऊ लागलो. वाटेतल्या गावच्या गिरणीत चार-चार दिवसांपुरते दळून घेतो. शेंगदाण्याचा कूट लागेल तसा, खवट वास आला की बाजूला. रवा निघण्याआधी भाजून घट्ट डब्यात. पोत्यांखाली फळ्या, म्हणजे तळाची ओल चढत नाही.

आणखी एक गोष्ट कडक सांगितली आहे. किडे लागू नयेत म्हणून धान्यात ठेवायच्या गोळ्या कुणी ट्रकात आणायच्या नाहीत. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि आमची माणसे त्याच पोत्यांवर झोपतात. ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. एवढ्यावर अठरा दिवस सहज निघतात.

पण हे सगळे व्यवस्थेचे झाले. मावशींचा प्रश्न व्यवस्थेचा नव्हता.

पंगत बसली की मी नेहमी शेवटच्या टोकाला उभी राहते. पत्रावळीवर वाढलेले अन्न कुणी हुंगून पाहत नाही. डोळे मिटायचे, हात जोडायचे, विठ्ठलाचे नाव घ्यायचे आणि घास उचलायचा. बाजारात माणूस दाणे चिमटीत धरतो, दाताखाली चावतो, भाव पाडतो, नको म्हणून पुढे जातो. हॉटेलात ताट परत पाठवतो. प्रसादाला मात्र नको म्हणता येत नाही. प्रसाद नाकारणे आपल्याकडे अपराध मानतात. म्हणजे श्रद्धेने बसलेल्या माणसाने आपले नाक, आपली जीभ, आपला संशय बाजूला ठेवलेला असतो. त्याने तो ठेवलेला असतो आमच्यापाशी, कोठीवाल्यांपाशी. त्याच्या वाटचा संशय आम्ही घ्यायचा असतो.

माझे सगळे म्हणणे हेच आहे. माझ्या ताटातले शंकास्पद अन्न मी खाल्ले तर ते माझे धाडस, किंवा माझा देव आणि मी. पण दुसऱ्याच्या ताटात ते वाढून वर देवाचे नाव घेतले, तर मी माझी श्रद्धा त्याच्या पोटावर पारखून पाहते आहे. बुवांची श्रद्धा मोठी आहे, मी त्यांच्या पाया पडते. पण ‘काही होत नाही’ हे वाक्य ज्याने त्याने स्वतःपुरते म्हणावे; ते सव्वाशे माणसांच्या वतीने कुणालाच म्हणता येत नाही. त्यात सात-आठ लहान लेकरे होती, एक मधुमेही आजोबा होते, एक चार महिन्यांची गरोदर सून होती.

२०१३ च्या जुलैत बिहारमधल्या गंडामन गावात शाळेतले जेवण खाऊन २३ मुले गेली. त्या अन्नाच्या तेलात कीटकनाशक होते. त्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या कुणाच्याही घशाखाली घास उतरला नव्हता. खिचडी मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने चाखायची, हा नियम आम्ही त्यानंतर कधी चुकवला नाही. चाखल्याने प्रत्येक विष कळते असे नाही. पण त्या नियमात एक धर्म आहे: जो वाढतो त्याने आधी खायचे. आपल्या जिवाला जे चालेल तेच दुसऱ्याच्या पानात. त्या संध्याकाळी भगरीचा गोळा हातात घेऊन मी स्वतःला विचारले, ही तू आज तुझ्या नातीला घालशील? उत्तर आले, नाही. मग प्रश्न संपला.

मग उपनिषदाच्या व्रताचे काय? अन्न अव्हेरू नये, याचा अर्थ बिघडलेले पोटात लोटावे असा मला आता लागत नाही. जे अन्न माणसाला जगवते त्याला ब्रह्म म्हटले आहे. जगवण्याचे काम ज्याने सोडले त्याचा मान राखणे म्हणजे त्याला मातीच्या स्वाधीन करणे. घरातले माणूस गेले की आपण त्याला मानाने पोचवतो. घरात ठेवून घेणे म्हणजे त्याच्यावर माया करणे नव्हे. भगर आम्ही नदीत टाकली नाही, उकिरड्यावर फेकली नाही, रस्त्यावर सांडली नाही. खड्डा खणून, नमस्कार करून, मातीआड केली.

पाप कुठे झाले असेल तर ते त्या खड्ड्यापाशी झाले नाही, त्याच्या आधी झाले. अठरा दिवसांच्या वाटेसाठी, दोन एकादश्यांसाठी, तीस किलो भगर एकाच कट्ट्यात आम्ही निघतानाच भरून घेतली. नको इतकी, नको इतक्या आधी. धर्मशास्त्रात गृहस्थांचे चार प्रकार सांगितले आहेत: ज्याच्यापाशी कोठारभर धान्य आहे तो, ज्याच्यापाशी रांजणभर आहे तो, तीन दिवसांचे आहे तो आणि उद्याचेही नाही तो. मनुस्मृती यातल्या पुढच्या-पुढच्याला अधिक श्रेष्ठ मानते. ‘अश्वस्तनिक’ असा शब्द आहे, ज्याला उद्या नाही असा. सव्वाशे माणसांच्या कोठीला अश्वस्तनिक होता येणार नाही, हे मला कळते. लेकरांना घेऊन चालणाऱ्याने उद्याची भाकरी पाहिलीच पाहिजे. पण कोठाराकडून रांजणाकडे, रांजणाकडून तीन दिवसांकडे सरकता येते. जितके कमी साठवू तितके कमी नासेल, आणि तितके वाटेतल्या गावांवर, माणसांवर आपण विसंबू. वारी म्हणजे तरी दुसरे काय?

आमच्या आजोबांच्या वाड्यात ज्वारीचे पेव होते. ते उघडले की लगेच आत उतरायचे नाही; कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. दगड काढून बराच वेळ ते उघडे ठेवायचे, मगच माणूस सोडायचा. साठवलेल्या धान्यावर आधी वारा जाऊ द्यावा, हे तेव्हापासून डोक्यात आहे. पंढरपूरजवळ मंगळवेढा आहे. दुष्काळात बादशहाची कोठारे उपाशी माणसांना मोकळी करणाऱ्या दामाजीपंतांची कथा आपण सगळे जाणतो. ती रक्कम देवाने विठू महार होऊन भरली, असे कथा सांगते. लहानपणी मला त्यात चमत्कार दिसायचा. आता कोठी सांभाळताना दिसते ते वेगळे: दामाजींनी धान्याची वेळ ओळखली. कोठारात ते आणखी राहिले असते तर सोंड्यांनी आणि उंदरांनी खाल्ले असते. माणसाच्या तोंडी गेले तेव्हा ते अन्न झाले. दान सात्त्विक केव्हा, हे सांगताना गीता देश, काल आणि पात्र असे तीन शब्द वापरते. काल म्हणजे पुण्यतिथी, पर्वकाळ, असे आपण समजतो. अन्नाच्या दानात मी आणखी एक काळ धरते, त्या अन्नाचा स्वतःचा.

एकादशीच्या आदल्या रात्री मी मावशींपाशी जाऊन बसले. त्या पायाला तेल चोळत होत्या. मी म्हटले, “मावशी, तुम्ही भगर कशासाठी दिली होती?” त्या म्हणाल्या, “माणसांनी उपाशी ऱ्हाऊ नये म्हणून. धडधाकट पंढरपूर गाठावं म्हणून.” मी म्हटले, “ती पोचतील मावशी. तुमचं दान मातीत नाही गेलं. सव्वाशे माणसं आजारी पडू नयेत म्हणून तुम्ही ते सोडलं. देण्यापेक्षा हे सोडणं अवघड होतं.” त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग सकाळी त्यांना काय घालता?” मावशींना पुण्याच्या हिशेबाआधी सकाळच्या पानांची काळजी होती.

सकाळी गावातून रताळी आणि बटाटे आणले, उकडले, शेंगदाण्याचा ताजा कूट केला. पहिले पान मावशींच्या हातून वाढले. सगळी दिंडी आषाढीला चंद्रभागेत उतरली. दवाखान्याची पायरी एकालाही चढावी लागली नाही.

त्यानंतर आम्ही नियम बदलले. प्रत्येक कट्ट्यावर जाड पेनाने तारीख लिहितो, दळल्याची, भरल्याची, उघडल्याची. भगर निघताना घेत नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी वाटेतल्या बाजारातून बंद पाकिटातली, तारीख पाहून घेतो. देणाऱ्यांना सांगतो, एकदम पोते देऊ नका, अमुक मुक्कामाचा भाजीपाला द्या, अमुक दिवसाचे दळण द्या. मावशी आता योगिनी एकादशीची रताळी देतात, त्याच दिवशी, त्याच गावच्या बाजारातून, स्वतः निवडून.

पालखी येण्याआधी शिधा गोळा करायला आमची माणसे घरोघरी फिरतात. तुमच्याही दारी कुठली ना कुठली दिंडी येईल, सप्ताहाची वर्गणी येईल, भंडाऱ्याची पावती येईल. द्या, मोकळ्या हाताने द्या. पण फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातले, वर्षापूर्वीचे, आपल्याला नको झालेले देऊ नका. जे आज तुमच्या ताटात आहे तेच द्या, थोडे द्या, कोरडे द्या. आणि पिशवीवर तारीख लिहा. पंगतीत डोळे मिटून बसलेला माणूस ती तारीख वाचणार नाही. ती त्याच्यासाठी तुम्ही वाचायची आहे.